पाचांची बाटली

“एका पोरीसाठी मी पाचांची बाटली फोडणार नाही,” पोटे सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी निळ्या पेटीचं झाकण लावून टाकलं.

बुधवार होता, लसीकरणाचा दिवस. आमच्या खडकमाळच्या अंगणवाडीत सिस्टर टेबल मांडून बसल्या होत्या. मी गावची आशा कार्यकर्ती, म्हणून त्यांच्या शेजारी उभी. आणि दारात ठकू. धुळा कोळपे म्हणून मेंढरं राखणारा माणूस आमच्या माळावर उतरला होता, त्याची ही बायको. कडेवर दहा महिन्यांची बानू, डोक्याला नवं टोपडं. बाहेर धुळा घोड्याचा कासरा धरून उभा होता आणि घोड्यावर त्यांचं अख्खं बिऱ्हाड लादलेलं होतं, भांडी, गोधड्या, वर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. पोरीला टोचून झालं की ते तिथूनच घाटाची वाट धरणार होते.

“फोडणार नाही म्हणजे काय, सिस्टर? लस आहे ना पेटीत?”

“आहे की. पण मूल एकच आहे. आणखी चार आणा, लगेच फोडते.”

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांना सांगते. गोवराची लस म्हणजे बाटलीत भुकटी असते. तिच्यात पाणी घालायचं, आणि एकदा घातलं की चार तासांत संपवायची. एका बाटलीत पाच मुलांचं होतं. एकच मूल आलं तर चौघांचं फेकावं लागतं. आता गावातलं मूल असेल तर काय, आज नाही तर पुढच्या बुधवारी येईल. पण मेंढरामागं चालणाऱ्या माणसाचा पुढचा बुधवार कुठल्या गावात उजाडणार, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

आणि हीच माणसं इथवर आणायला मी काय काय केलं होतं, ते माझं मला माहीत. दिवाळी झाली की आमच्या पठारावरून मेंढपाळांची बिऱ्हाडं घाटाखाली उतरतात. जाता जाता आठ-पंधरा दिवस आमच्या माळावर थांबतात. त्या वर्षी त्यांच्यात हे लेकरू आहे असं कळलं आणि मी पहिल्यांदा गेले, तर त्यांच्या कुत्र्यांनी मला बांधावरच अडवलं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ठकू बोलली, पण धुळा उठून गेला. तिसऱ्यांदा मात्र मी ठरवूनच गेले होते, की आज उत्तर घेतल्याशिवाय हलायचं नाही. धुळा वाघर लावत होता, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी. मी त्याच्या समोर दगडावर बसले.

“बाई, एकदा टोचलंय आमी,” तो माझ्याकडं न बघता म्हणाला. “हा म्हाळू. ह्याच्या मांडीत असं गळू झालं, पंधरा दिस त्याला खांद्यावर घेऊन चाललो. मेंढरं सांभाळू का पोर सांभाळू?”

म्हाळू म्हणजे त्याचा थोरला, चार वर्षांचा. तो तिथंच एका कोकराच्या मागं पळत होता, मांडी अगदी धडधाकट.

“गळू झालं ते चुकलंच त्यांचं,” मी म्हटलं. “तुला राग आला तो बरोबरच आहे. पण गळू पंधरा दिवसांत बरं झालं का नाही? गोवरानं गेलेला डोळा बरा होत नाही. माझ्या थोरल्या बहिणीचा गेला. मी तिचं बोट धरून शाळेत नेत होते. ती मोठी, आणि मी बोट धरणारी.”

हे मी कुणाला सांगत नसते. त्या दिवशी सांगितलं. धुळाचे हात थांबले. तेवढ्यात मला त्याच्या मेंढ्यांच्या कानातले बिल्ले दिसले.

“ह्या मेंढरांना आंत्रविषाराची लस देतोस का?”

“म्हंजे? देतोच की. न्हाई दिली तर एका पावसाळ्यात निम्मं खांड आडवं व्हतंय.”

“मेंढराचं कळतं तुला. मग पोरगी मेंढरापेक्षा हलकी आहे का रे?”

ठकू चुलीशी बसली होती, ती फस्सकन हसली. धुळानं तिच्याकडं रागानं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मग तोही ओशाळून हसला. “लई बोलतीस बाई तू,” म्हणाला. तिथंच मी ओळखलं, गडी वळला.

अडचण एकच होती. त्यांचा तळ सोमवारी उठणार होता, आणि आमचा दिवस बुधवार. बाकीची पाच बिऱ्हाडं पुढं निघायची, मागं राहिलं तर घाट एकट्यानं उतरायचा. माळावरचा चारा तर संपत आलेला. धुळा बराच वेळ नखांनी माती उकरत बसला.

“दोन दिस थांबायचं म्हंजे मेंढरं उपाशी,” तो म्हणाला.

“एक टोचणं, दहा मिनिटं. अकरा वाजता ये, साडेअकराला वाटेला लाग. माझा शब्द आहे तुला.”

शब्द. मी तोंड भरून दिला होता. आणि तो माणूस त्या शब्दावर दोन दिवस थांबला, बाकीची बिऱ्हाडं सोमवारी निघून गेली तरी. माझ्या घरासमोरूनच गेली ती, मी बघितली.

आणि आता सिस्टर पेटीचं झाकण लावून बसल्या होत्या.

“सिस्टर, ही माणसं फक्त ह्याच्यासाठी थांबलीत. आज नाही दिली तर मग नाहीच मिळायची.”

“यमुनाताई, तुम्हाला काय, तुम्ही बोलून मोकळ्या होता.” सिस्टरांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “मागच्या महिन्यात दुसऱ्या गावी दोन बाटल्या फोडल्या आणि सात डोस वाया गेले. भर मीटिंगमध्ये तालुक्याच्या साहेबांनी उभं केलं मला. पन्नास माणसांसमोर विचारलं, लस काय तुमच्या घरची आहे का म्हणून. परत वाया घालवली तर नोटीस काढतो म्हणाले. माझी दोन लेकरं आहेत.”

मला त्यांची दया यायला हवी होती. आज येते. पण त्या वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

“तुमच्या दोघांना टोचलंय ना?” मी विचारलं.

त्यांनी घड्याळाकडं बघितलं. मग म्हणाल्या, “चार मुलं आणा. एक वाजेपर्यंत थांबते.”

मी पदर खोचला आणि सुटले. अख्ख्या गावात नऊ महिने पुरे झालेली आणि गोवराची राहिलेली मुलं तीनच होती, माझ्याच यादीत, माझ्याच हातची. पहिल्या घराला कुलूप. बाई कांद्याच्या लागणीला गेलेली, पोरगं पाठीला बांधून. दुसरं पोरगं तापानं फणफणलेलं. तिसरीची आई माहेरी गेलेली. बाकी सगळ्यांचं मी गेल्या तीन महिन्यांत गोळा करून, पाच-पाचाची मोळी बांधून देऊन टाकलं होतं. माझं काम मी इतकं चोख केलं होतं की गावात बानूला जोडीदारच उरला नव्हता. शिवाराकडं जाऊन त्या कांद्यावाल्या बाईला हाका मारल्या, तर ती दोन मैलांवरच्या मळ्यात. एक वाजायच्या आत ती येणं शक्य नव्हतं, आणि आली असती तरी दोनच मुलं होत होती.

परत आले तेव्हा माझ्या तोंडाला फेस आला होता. ठकू ओट्यावर बानूला पाजत बसली होती. धुळा दारात येऊन उभा होता. त्याला सिस्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं, बाटली, पाच मुलं, चार तास.

तो माझ्याशी बोललाच नाही. सिस्टरांना म्हणाला, “माझी साठ मेंढरं हायेत, बाई. मेंढरांचा डाक्टर शंभराची बाटली आणतो. साठांना टोचतो आन उरलेलं मातीत वततो. त्याला कवा कुणी इचारलं न्हाई.”

सिस्टर टेबलावरचे कागद नीट करत राहिल्या.

“मी हिला बोललो व्हतो,” तो ठकूकडं बघून म्हणाला, “की आपल्याला कुणी मेंढराएवढं बी धरत न्हाई.”

मी पेटीकडं हात नेला, हे खरं आहे. मी झाकण उघडलंसुद्धा. बाटली बर्फाच्या पाकिटांमध्ये उभी होती, माझ्या अंगठ्याएवढी. पण टोचायचं मला येत नव्हतं आणि तो हक्कही मला नव्हता. सिस्टरांनी माझा हात धरला आणि झाकण परत लावलं. मग त्यांनी बानूच्या नावाचं कार्ड भरलं, वर तारीख घातली आणि ठकूच्या हातात दिलं. “पुढच्या गावी दाखवा. देतील.”

“देतील ना, ताई?” ठकूनं मला विचारलं.

मी हो म्हटलं. एका आठवड्यात दुसऱ्यांदा शब्द दिला.

घोडा रस्त्याला लागला, मागून मेंढरं. कोंबड्या वर हेलकावे खात होत्या. ठकूनं वळून बघितलं नाही, तिला मेंढरं आवरायची होती. सिस्टरांनी लसीकरणाचं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाल्या, इथं सही करा. मी केली.

मग थंडी गेली, उन्हाळा गेला. मृगाच्या आधी बिऱ्हाडं परत पठारावर चढतात. पहिलं बिऱ्हाड दिसलं तशी मी माळाकडं गेले. तिसऱ्या दिवशी धुळाचा घोडा दिसला. म्हाळू घोड्यापुढं चालत होता. ठकूच्या डोक्यावर पाटी होती आणि कडेवर कुणी नव्हतं.

मला विचारायची गरज पडली नाही. तिनंच सांगितलं, पाटी खाली न ठेवता.

“होळीच्या आधी अंगावर आलं. म्हाळूलाबी आलं, त्यो निभावला. हिला मागनं छातीत भरलं. दवाखान्यात न्हेईस्तवर गेली.”

“कार्ड दाखवलंस का गं कुठं?”

“दोन गावात दावलं. एका जागी म्हनले, आमचा वार मंगळवार. दुसऱ्या जागी म्हनले, पाच पोरं न्हाईत.” मग ती थांबली. “तुमच्यावानीच.”

त्या साली घाटाखाली मेंढपाळांच्या बिऱ्हाडांत गोवर पसरला होता आणि त्याची वरून विचारणा झाली होती. म्हणून चार दिवसांनी तालुक्याचे साहेब गाडीतून माळावर आले. बरोबर पोटे सिस्टर, हातात लसीकरणाचं रजिस्टर. मला निरोप होताच. साहेबांसाठी कुणीतरी खुर्ची आणली. ठकू आणि धुळा समोर जमिनीवर बसले. मी उभी होते.

साहेब वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. त्यांनी आधी टोपी काढली. मग चांगलं दहा मिनिटं बोलले, लसीनं गोवर कसा टळतो, गोवरानं छातीत कसं भरतं, आई-बापांनी मनातली भीती कशी काढून टाकली पाहिजे. शब्द न् शब्द खरा होता. मी हेच सगळं त्याच दगडावर बसून सात महिन्यांपूर्वी बोलले होते. धुळा मान खाली घालून ऐकत होता. ठकू साहेबांच्या तोंडाकडं बघत होती.

“तुमच्या भल्यासाठीच सरकार हे करतं,” साहेब म्हणाले. “आशाताई तुमच्याकडे तीन-तीन चकरा मारतात, कुत्र्यांच्या तोंडातून येतात. आणि तुम्ही नाही म्हणता. मग असं होतं. आता रडून काय उपयोग?”

ठकू रडत नव्हती. ती म्हणाली, “आमी कवा न्हाई म्हनलो?”

“हे बघा.” साहेबांनी रजिस्टर उघडून तिच्यासमोर धरलं, जणू तिला वाचता येत होतं. मग स्वतःच वाचून दाखवलं. “बानू धुळा कोळपे. वय दहा महिने. गोवर लस दिली नाही. कारण, पालकांचा नकार. खाली सही, आशा कार्यकर्ती.”

धुळानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

आता खरं सांगायचं तर मी म्हणू शकले असते की त्या बुधवारी मी न वाचता सही केली. लोकांना मी पुष्कळ वर्षं तसंच सांगत आले. पण मी वाचलं होतं. ‘पालकांचा नकार’ हे शब्द मी सही करताना डोळ्यांनी वाचले होते. सिस्टर म्हणाल्या होत्या, दुसरं काही लिहायला रकानाच नाही, बाई. लस होती आणि दिली नाही असं कसं लिहू? आणि मी दमले होते, चिडले होते, पोटात कावळे ओरडत होते, आणि मला वाटलं, काय फरक पडतो, रजिस्टर कोण वाचतंय. फरक एवढा पडला, की पोर गेलेल्या आईला तिच्याच तळावर, तिच्याच चुलीपुढं, तू नाही म्हणालीस म्हणून ऐकवलं गेलं. आणि साक्षीला माझी सही होती.

ठकू उठली. घोड्याच्या खोगिराखाली एक पिशवी होती, तिच्यातून तिनं प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. साहेबांच्या नाही, माझ्या. त्यावर पोटे सिस्टरांच्या अक्षरात बानूचं नाव होतं आणि त्या बुधवारची तारीख होती. गोवराची चौकट कोरी होती. एवढा उन्हातान्हाचा, घाटाचा प्रवास करून त्या कार्डाचा कोपरासुद्धा दुमडला नव्हता.

“साहेब,” मी म्हटलं, “पेन द्या.”

“कशाला?”

“द्या तर.”

त्यांनी खिशातलं काढून दिलं. मी रजिस्टर त्यांच्या मांडीवरून ओढून घेतलं. सिस्टर म्हणाल्या, “यमुनाताई, रेकॉर्ड आहे ते.” मी म्हटलं, “हो, म्हणूनच.” ‘पालकांचा नकार’ ह्यावर आडवी रेघ मारली. जागा अपुरी होती म्हणून समासात लिहिलं: आई-बाप दोन दिवस थांबून लेकरू घेऊन आले होते. बाटली पेटीत होती. आम्ही दिली नाही. खाली माझं पूर्ण नाव, यमुना रावसाहेब ढेकळे, आणि सही.

साहेबांनी ते वाचलं. दोनदा वाचलं. मग सिस्टरांना विचारलं, “हे खरं आहे?”

सिस्टरांनी पदर तोंडाला लावला. “तुम्हीच उभं केलं होतं मला, सर,” त्या म्हणाल्या. “सात डोससाठी.”

साहेबांचा चेहरा उतरला होता. त्यांनी टोपी घातली, परत काढली आणि शेवटी हातात धरूनच गाडीकडं गेले.

मला नोटीस आली, सरकारी रजिस्टरात खाडाखोड केल्याची. ती मी अजून जपून ठेवली आहे. महिन्याभरात दुसरंही एक पत्र आलं, सगळ्या उपकेंद्रांना. एक मूल आलं तरी बाटली फोडावी, वाया जाण्याची काळजी करू नये. तालुक्याच्या क्लार्कनं मला नंतर सांगितलं, की हा नियम काही नवा नव्हता. आधीपासून तसाच होता, छापील, फाइलला लावलेला. मीटिंगमध्ये मात्र तो कुणी कधी वाचून दाखवला नव्हता. हे ऐकून मी त्याच्या टेबलावरचा पेपरवेट उचलला होता. परत ठेवला.

पुढं दोन वर्षांनी, अशाच दिवाळीनंतरच्या बुधवारी, ठकू अंगणवाडीच्या दारात उभी राहिली. मी बोलवायला गेले नव्हते. जायचं तोंडच नव्हतं मला. तिच्या कडेवर नवं लेकरू होतं, मुलगा, नऊ महिन्यांचा. धुळा बाहेर होता, आमच्याकडं पाठ करून.

“ये गं,” मी म्हटलं. “आज नक्की देते, शब्द—”

“शब्द नगं, ताई,” ती म्हणाली. “आधी बाटली दावा.”

पोटे सिस्टरांनी तिला बाटली दाखवली. आमच्याकडं सिस्टर अजून त्याच होत्या. आज किती पोरं जमली, असं ठकूनं विचारलं नाही. तिनं खोलीभर नजर फिरवली, तिला दिसलं. दुसरं कुणी नव्हतं. सिस्टरांनी बाटली फोडली, पाणी घातलं, हलवली, सुईत भरली आणि पोराच्या दंडाला टोचली. पोर रडलं, ठकूनं छातीशी घेतलं, गप्प झालं. सगळं मिळून दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

ती अर्धा तास बसली, सिस्टरांनी बसवलं म्हणून. जाताना टेबलाशी थांबली. बाटलीत अजून लस होती.

“हे उरलेलं काय करनार?”

सिस्टरांनी रजिस्टर पुढं ओढलं. मीच सांगितलं. “चार तास वाट बघायची. कुणी आलं नाही तर फेकायचं.”

ठकूनं बाटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती खरंच विचारत होती, एखादी साधी गोष्ट कळली नाही म्हणून माणूस विचारतं तसं.

“मंग तवाच फेकलं असतं, तर काय झालं असतं, ताई?”